भार कुठे ठेवायचा? हलक्या डेस्कटॉपचा मागोवा

माढा तालुक्यातले कुर्डुवाडी जंक्शन रेल्वेच्या जुन्या कागदांत ‘बार्शी रोड’ या नावाने भेटते. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मुख्य लोहमार्ग बार्शीच्या बाजारपेठेपासून वीसेक मैल लांबून गेला होता. ही उणीव भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी केली आणि १८९७ च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फूट रुंदीच्या मार्गावरची गाडी धावू लागली. कॅलथ्रॉपची अट साधी होती: इंजिन असो की मालडबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. एवढे पथ्य पाळले की दर वाराला तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरत. गाडी माल कमी नेत नव्हती. तोच भार जास्त चाकांवर वाटला जात होता. हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचला, १९५४ मध्ये सरकारने विकत घेऊन मध्य रेल्वेत मिळवला आणि पुढे तो ब्रॉडगेजही झाला. भार नाहीसा होत नसतो, तो कुठे ठेवायचा एवढेच आपल्या हाती असते, हा धडा या तालुक्याच्या जमिनीवर सव्वाशे वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे. संगणकाच्या इतिहासात हाच धडा पिढ्यानपिढ्या नव्याने गिरवला गेला, आणि आपण त्याच वाटेने चालणार आहोत.

निमित्त ताजे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य संगणक एका तारखेने जुने ठरले. माढ्यासारख्या तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात, पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात असे संगणक टेबलावर असतात. त्यांच्यासाठी सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे वेब ॲप्लिकेशन्सभोवती बांधलेला हलका लिनक्स डेस्कटॉप: संगणकावर मोजकेच काही ठेवायचे, बाकीचे काम ब्राउझरमधून दूरच्या सर्व्हरवर करायचे, आणि तरी ते काम मेन्यूतल्या स्वतंत्र प्रोग्रामसारखे दिसावे अशी सोय करायची. पेपरमिंट हे या घराण्यातले ठळक नाव. पण या घराण्याचे मूळपुरुष लिनक्सपेक्षा आणि वेबपेक्षाही जुने आहेत.

आपण १९६० च्या दशकात जाऊ. त्या काळी संगणक ही एका संस्थेत एखादीच असणारी वस्तू होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये सुरू झाला आणि १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकी संगणक आला. आपले गणित घेऊन संशोधकाने कुलाब्याला जायचे, छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची, अशी रीत होती. सगळा भार एका यंत्राकडे, आणि वापरणारा रांगेत. ही रांग मोडण्याची कल्पना अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आकाराला आली. फर्नांडो कोर्बातो यांनी १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये सीटीएसएस ही कालविभाजन पद्धती दाखवली: एकच यंत्र क्षणाक्षणाने अनेकांना वाटून द्यायचे, आणि प्रत्येकासमोर फक्त एक टर्मिनल ठेवायचे. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीच्या शताब्दी समारंभातील भाषणात असा विचार मांडला की संगणन हे एक दिवस टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल. आजच्या ‘क्लाउड’ची कुंडली मांडायची तर जन्मवर्ष १९६१ धरावे लागेल.

या विचारातून आलेल्या मल्टिक्स प्रकल्पातून बेल लॅब्ज बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवायला घेतली. युनिक्सचे वळण प्रारंभापासूनच अनेकांनी एकत्र वापरण्याचे होते. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स विंडो पद्धत जन्मली, आणि तिने एक विलक्षण सोय केली: प्रोग्राम एका यंत्रावर चालावा, त्याची खिडकी मात्र दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर उघडावी. केवळ पडदा, कळफलक आणि माउस सांभाळणारी एक्स टर्मिनल्स पुढच्या काही वर्षांत बाजारात आली. आपल्याकडे सामान्य माणसाने असे टर्मिनल पहिल्यांदा पाहिले ते बहुधा रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झाले आणि ते एकेका मोठ्या शहरात पसरत गेले. खिडकीतल्या कारकुनापुढचे यंत्र स्वतः काहीच ठरवत नसे. जागा शिल्लक आहे की नाही हे दूर ठेवलेला मोठा संगणक सांगे. तिकीट काढणाऱ्याला हे माहीत असण्याचे कारण नव्हते, पण खिडकीवर ‘लाइन गेली’ असे ऐकू आले की त्याला बरोबर समजे.

दरम्यान भार उलट दिशेने सरकू लागला होता. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि संगणकाची सगळी शक्ती टेबलावर येऊन बसली. आता कुणाच्या रांगेत उभे राहायला नको. आपला प्रोग्राम, आपली फाइल, आपली फ्लॉपी. मराठीपुरते बोलायचे तर या स्वातंत्र्याचे सर्वांत मोठे फळ छापखान्यांना मिळाले. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि तिच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गावोगावच्या डीटीपी केंद्रांत जाऊन बसली. लग्नपत्रिका, हँडबिले, स्मरणिका, दिवाळी अंक असे सारे टेबलावरच जुळू लागले. याला एक किंमत होती, आणि ती तेव्हा दिसली नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी. एका दुकानात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात तोच फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग होई. मराठी मजकूर ज्या यंत्रावर जन्मला त्या यंत्राशीच बांधला गेला.

मग १९९१ हे वर्ष आले. या मागोव्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा तोच. ६ ऑगस्टला टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या आपल्या वर्ल्ड वाइड वेब प्रकल्पाची माहिती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २५ ऑगस्टला हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने तयार होती, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तेवढा हवा होता, तो मिळाला. ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. तिचा पाया म्हणजे भारतीय लिप्यांसाठी इथे आधीच आखलेली इस्की ही सांकेतिक पद्धती. तीही त्याच वर्षी आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाली. पुण्यात सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा केला तोही १९९१ मध्येच. वेब, लिनक्स आणि युनिकोड ही तीन बीजे एकाच पावसाळ्याच्या आगेमागे पडली. त्यांची पिके एका शेतात यायला मात्र पुढची वीस वर्षे जायची होती.

भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. त्या वेळच्या स्वस्त ‘शेल’ खात्याची रचना आठवण्यासारखी आहे. घरचा संगणक मोडेमवरून निगमच्या युनिक्स यंत्राला फोन लावी आणि मग काळ्या पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. टपाल तिकडे, प्रोग्राम तिकडे, आपल्याकडे केवळ कळफलक. हजारो रुपये खर्चून घेतलेला पीसी तेवढ्या वेळापुरता १९६१ च्या धर्तीचे टर्मिनल होऊन बसे. त्याच सुमारास ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी पाचशे डॉलरच्या ‘नेटवर्क कॉम्प्युटर’ची घोषणा केली: हार्ड डिस्क नको, सगळे जाळ्यावरून येऊ द्या. सननेही जावास्टेशन काढले. दोन्ही फसले. जाळे मंद होते, जावा जड होती, आणि साध्या पीसीची किंमत उतरत उतरत त्यांच्या जवळ येऊन ठेपली होती. कल्पना चुकीची नव्हती. ज्या रुळांवरून ती जायची, ते अजून टाकायचे होते.

रूळ टाकण्याचे काम निराळ्याच माणसांनी केले. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले आणि टपालाचा प्रोग्राम संगणकातून उठून वेबपानात गेला; सायबर कॅफेच्या जमान्यात भारतीयांना याचे मोल वेगळे सांगावे लागले नाही. पण तेव्हाच्या वेबपानावर एक बटण दाबले की सगळे पान नव्याने उतरवावे लागे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले आउटलुक ब्राउझरमध्ये चालावे म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक छोटी युक्ती बसवली: पान तसेच ठेवून मागच्या मागे सर्व्हरकडून हवी तेवढीच माहिती आणायची. डेस्कटॉपचे साम्राज्य ज्यांचे, त्यांनीच अशा रीतीने वेब ॲप्लिकेशनच्या हाती किल्ली दिली. १ एप्रिल २००४ ला एक गिगाबाइट जागा देणारे जीमेल आले तेव्हा तारखेमुळे अनेकांना ती थट्टा वाटली. २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले, आणि २००६ मध्ये राइटली विकत घेऊन गूगलने कागदपत्रेही ब्राउझरमध्ये आणली. पत्र, नकाशा, लेख, हिशेब ही टेबलावरची कामे दहा वर्षांच्या आत पुन्हा दूरच्या यंत्राकडे गेली.

इकडे लिनक्सच्या घरात हलकेपणाची वेगळीच परंपरा वाढत होती. १९९६ मध्ये ऑलिव्हिए फुरदाँ यांनी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप सुरू केला. २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स काढून दाखवले की अख्खी सिस्टिम सीडीवरूनच, हार्ड डिस्कला हात न लावता चालू शकते. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांची पपी लिनक्स आणि जॉन अँड्रूज यांची डॅम स्मॉल लिनक्स याच वाटेवरच्या. दुसरीने तर स्वतःला पन्नास मेगाबाइटची मर्यादा घालून घेतली होती, कारण व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर तेवढेच मावे. २००६ मध्ये तैवानच्या होंग जेन यी यांनी एलएक्सडीई हा आणखी एक हलका डेस्कटॉप आणला. या सगळ्यांचा प्रश्न एकच होता: जुन्या यंत्रात काय काय नसले तरी चालेल? पण प्रोग्राम वगळले तर माणसाने काम कशात करायचे, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते उत्तर वेबकडे तयार होत होते.

दोन्ही वाटा २००७ मध्ये एकमेकींना भेटल्या. नोव्हेंबरच्या सुमारास अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांत एव्हरेक्सचा एक संगणक दोनशे डॉलरच्या आत विकायला आला. त्यावर उबुंटू या लिनक्सवर बेतलेली जीओएस होती आणि पडद्याच्या तळाशी जीमेल, नकाशे, यूट्यूब अशी चिन्हे ओळीने मांडली होती. चिन्हांमागे संकेतस्थळे होती. त्याच वर्षी मोझिलाने प्रिझम नावाचा प्रयोग सुरू केला: एका संकेतस्थळासाठी एक स्वतंत्र खिडकी, पत्त्याची पट्टी नाही, टॅब नाहीत. जीओएस फार टिकली नाही आणि प्रिझमही २०११ मध्ये थांबले. पण ९ मे २०१० रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲशव्हिल गावातून केंडल वीव्हर आणि शेन रेमिंग्टन यांनी पेपरमिंट वन प्रसिद्ध केली: एलएक्सडीईचा हलका डेस्कटॉप आणि त्यात मुरवलेले प्रिझम. जुलैमध्ये पेपरमिंट आईस आली. तिच्यात प्रिझमच्या जागी वीव्हर यांनी लिहिलेले आईस हे साधन आणि क्रोमियम ब्राउझर होता.

हे आईस जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळ्या विचाराचे सार त्याच्या एका लहानशा चौकटीत आहे. चौकट आपल्याला विचारते: ॲपचे नाव काय, वेबपत्ता काय, मेन्यूच्या कोणत्या विभागात ठेवू, चिन्ह कोणते लावू, ब्राउझर कोणता वापरू. आपण ‘सातबारा’ असे नाव द्यावे, भूमिअभिलेखाच्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवावा, विभाग ‘ऑफिस’ निवडावा. क्षणात मेन्यूत ‘सातबारा’ अवतरतो. दाबला की पत्त्याची पट्टी नसलेली स्वच्छ खिडकी उघडते आणि पाहणाऱ्याला वाटते, संगणकात सातबाऱ्याचा प्रोग्राम बसवला आहे. प्रत्यक्षात बसवलेली असते ती काही ओळींची मजकूर फाइल. तिच्यात एवढेच लिहिलेले असते की अमुक ब्राउझर अमुक पत्त्यावर ‘ॲप’ पद्धतीने उघड. फाइल पुसली की प्रोग्राम गेला. मागे केरकचरा नाही. टेबलावरचा भार याहून कमी करणे अवघड आहे.

मोठ्या कंपनीने हीच कल्पना उचलली की छोट्यांचे काय होते, याचे उत्तर पुढच्या पानावर आहे. गूगलने जुलै २००९ मध्ये क्रोम ओएसची घोषणा केली आणि जून २०११ मध्ये क्रोमबुक विक्रीला आले. ब्राउझर हाच डेस्कटॉप, हे सूत्र टोकाला गेले. फ्रान्सच्या तारिक क्रिम यांची जोलीक्लाउड याच स्पर्धेत होती, ती मिटली. पेपरमिंट मात्र चिकाटीने तगली. वीव्हर बाजूला झाल्यावर इंग्लंडच्या मार्क ग्रीव्ह्ज यांनी धुरा वाहिली. जानेवारी २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा प्रकल्प संपला असे अनेकांना वाटले. दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२२ रोजी, ती डेबियन या लिनक्सच्या पायावर आणि एक्सएफसीई डेस्कटॉपसह पुन्हा उभी राहिली, आणि आईसच्या जागी कुमो हे नवे साधन आले. आज आपण पेपरमिंट म्हणून जी वापरून पाहतो ती ही दुसरी कारकीर्द.

आता आपण महाराष्ट्राकडे वळू, कारण वेबवर आपल्या भाषेत काम नसेल तर हलका डेस्कटॉप म्हणजे रिकामी खिडकी. २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने लोहित मालिकेतले फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले. त्यांची मूळ आखणी श्रीलिपीवाल्या मॉड्युलर इन्फोटेकची. म्हणजे ज्या पुण्याने मराठी अक्षर टेबलाशी बांधले होते, त्याच पुण्याने ते सोडवायलाही हात लावला. फाँट मिळून भागत नव्हते, अक्षरे जुळवणारी यंत्रणाही हवी होती. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला र वेगळा उमटला नाही तर गुरुजींचे जेवणाच्या पंगतीतले स्थानच बदलते. युनिकोडने यासाठी नुक्ता असलेल्या ऱ ची तरतूद केली आणि पँगो, हार्फबझ यांसारख्या मुक्त साधनांनी तो पडद्यावर नीट आणला. आज ताज्या लिनक्सवर मराठी पान उघडले की ते बिनतक्रार वाचता येते. १९९१ च्या तीन बीजांचे हे एकत्र आलेले पीक.

राज्यातही या काळात काम वेबकडे सरकत होते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी या त्याच्या अभ्यासक्रमामुळे तालुक्या-तालुक्यांत संगणक शिकवला जाऊ लागला. त्या पिढीला संगणक येणे म्हणजे विंडोज, वर्ड आणि एक्सेल येणे, असे वाटले तर नवल नाही. पण ज्या कामांसाठी माणूस संगणकाकडे जातो ती कामे हळूहळू बदलत होती. २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा झाला आणि दाखले ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर आले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की तलाठ्याच्या सहीसाठी खेटे नकोत. पीकविमा, शिष्यवृत्ती, परीक्षांचे अर्ज, सगळे ब्राउझरमध्ये. टेबलावरच्या विंडोजचे काम ब्राउझर उघडून देण्यापुरते उरले, आणि हे वापरणाऱ्याच्या लक्षातही आले नाही. लक्षात आला तो फक्त एक नवा वाक्प्रचार. रेल्वेच्या खिडकीवरच्या ‘लाइन गेली’ची जागा ‘सर्व्हर डाऊन आहे’ने घेतली. भार आपल्याकडे नाही, याची कबुली गावच्या बोलीत इतकी थोडक्यात दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

भार हलवण्याचा एक शहाणा प्रयोग याच तालुक्यात झाला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. पुस्तक तेवढेच पातळ राहिले. कविता ऐकणे, व्हिडिओ पाहणे, स्वाध्याय सोडवणे हे सारे कोडमागे जाळ्यावर गेले. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ मध्ये मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी घडलेली ही काळी-पांढरी चौकट पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर छापली गेली आणि नंतर देशभर गेली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. या प्रयोगात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नेट गेले तरी मुलाच्या हातात पुस्तक उरत होते. धडा कागदावर छापलेला होताच. जाळ्यावर गेली ती त्याची जोड.

हा निकष हाती घेऊन आपण माढ्यातल्या एखाद्या दुकानातल्या जुन्या संगणकावर हा डेस्कटॉप लावून पाहू. पेनड्राइव्ह तयार करावा, संगणक सुरू होताना एफ१२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबावी आणि आधी बसवून न घेता नुसताच चालवून पाहावा; क्नॉपिक्सने घालून दिलेली ही रीत. डेस्कटॉप झटकन येतो, काहीशे मेगाबाइट मेमरीत मावतो, आणि जुने यंत्र तरतरीत वाटते. मग आपण ब्राउझर उघडतो. एक सरकारी संकेतस्थळ, एक टपाल, एक व्हॉट्सॲप वेब, एवढ्यात मेमरीचा आकडा डेस्कटॉपच्या कितीतरी पट होतो. पानांचे वजन वीस वर्षांत अतोनात वाढले आहे. पन्नास मेगाबाइटचे व्रत घेतलेली डॅम स्मॉल लिनक्स २०२४ मध्ये परतली तेव्हा तिनेही मर्यादा सातशे मेगाबाइटची, म्हणजे पूर्ण सीडीची, ठरवली. आधुनिक ब्राउझर ठेवायचा तर तेवढे हवेच. फार जुन्या ३२ बिट यंत्रांची तर वाटच बंद होत आहे: क्रोमने लिनक्सवरची ३२ बिट आवृत्ती २०१६ मध्ये थांबवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. म्हणून चार गिगाबाइट मेमरीचा ६४ बिट संगणक असेल तर हा प्रयोग रुचतो. त्याखाली हलकेपणा नावापुरता राहतो.

दुसरी अडचण तारांची आहे. सेवा केंद्रातल्या अंगठ्याच्या यंत्रांना लागणारे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते. डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलचीही पुष्कळदा तीच कथा. श्रीलिपीत जुळवलेल्या जुन्या फाइली उघडायच्या तर जुना विंडोज संगणक लागतोच. म्हणजे ज्या दुकानात लोकांचे अंगठे घेतले जातात किंवा पत्रिका छापल्या जातात, तिथे पेपरमिंटने विंडोजची जागा पूर्णपणे घ्यावी ही अपेक्षा आज तरी वाजवी नाही. शाळेचे कार्यालय, ग्रंथालय, अर्ज भरणारे घर, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका इथे मात्र ती सहज नांदते.

आणि नेट गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. २०१५ च्या सुमारास वेबवाल्यांनी यावरही उत्तर काढले: सर्व्हिस वर्कर नावाची सोय, जिच्यामुळे पान स्वतःची प्रत आणि अलीकडची माहिती ब्राउझरमध्ये जपून ठेवते आणि तुटलेली जोडणी आली की हिशेब जुळवते. म्हणजे इतका प्रवास करून थोडा भार पुन्हा टेबलावर आला. कुलाब्याच्या सीडीसीपासून पीसीपर्यंत तो आपल्याकडे आला, पीसीपासून जीमेलपर्यंत तिकडे गेला, आणि आता दोन्हीकडे वाटला जात आहे. हलका डेस्कटॉप वापरून पाहणाऱ्याने म्हणूनच आधी एक वाटणी करावी. जे दुसऱ्याच्या दारी असणारच, म्हणजे दाखला, आरक्षण, विमा, बँक, ते खुशाल मेन्यूतल्या चिन्हामागे ठेवावे. जे आपले आहे, म्हणजे शाळेचे हजेरीपट, पतसंस्थेची पत्रे, घरातले फोटो, उतरवून घेतलेला स्वाक्षरीचा सातबारा, ते लिब्रेऑफिससारख्या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये आणि आपल्याच डिस्कवर असू द्यावे, आणि त्याची एक प्रत बाहेर ठेवावी. एवढे ठरलेले असले की ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकूनही दिवसाचे निम्मे काम चालू राहते.